गफलत

उर्दूत 'गफलत' म्हणजे बेसावधपणा, लक्ष न देणे. मराठीत आल्यावर त्याच शब्दाचा अर्थ घोटाळा, नजरचूक असा झाला. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो आणि बाजारात मराठी बोलतो. हा फरक मला भाषेच्या तासापुरता ठाऊक होता. तो अंगाशी आला एका वीतभर रबरी नळीमुळे.

मामूंच्या माघारी त्यांची प्रीमियर पद्मिनी माझ्याकडे आली. या गाड्या बनणे 2000 च्या सुमारास थांबले. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही 2023 च्या ऑक्टोबरअखेर बंद झाली. मामूंची गाडी मात्र लोट्याहून खेड-चिपळूण करीत राहिली. पावसाळा सरल्यावर तिच्यात बसले की वास येऊ लागला. लोट्यात वासाचे कुणाला काय? रसायनांचे कारखाने शेजारी. नाकाला काही झोंबले की आम्ही म्हणतो, "एमआयडीसीतून सोडलंय." मीही तेच म्हणालो आणि मागे बसलेल्या मुलींना काचा वर करायला लावल्या.

साडेतीन आठवड्यांनी गाडीला गिऱ्हाईक आले. दाखवण्याआधी इंजिन जरा पुसून घ्यावे म्हणून मिस्त्रीकडे नेली. त्याने बॉनेट उघडले आणि हातातली बिडी लांब फेकली. पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोल नेणारी नळी वरून धडधाकट दिसत होती. त्याने ती जरा वाकवली, तर बारीक भेगा उघडल्या. क्लिपेपाशी ओल होती. "सर, हात लावून बघा." खाली तापलेले इंजिन, जवळच ठिणगीच्या वायरी. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने रबर कडक झाले होते. शिवाय आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्या काळातले रबर त्यासाठी बनलेले नाही.

काम अर्ध्या तासाचे. बॅटरीची वायर काढली, जुनी नळी ओढून न काढता ब्लेडने उभी चिरली, म्हणजे पंपाच्या तोटीला धक्का लागत नाही. पाण्याची नळी चालेल का, असे मी विचारले. तो हसला. पेट्रोलचीच नळी, क्लिपाही नव्या. मग इंजिन चालू ठेवून सांध्यांवरून कोरडे बोट फिरवत राहिला. टाकीजवळचा सांधाही त्याने न सांगता पाहिला.

शाळेतले एक सहकारी म्हणाले, विकणाऱ्याने मालातला ऐब सांगावा हे खरे, पण नळी बदलली, ऐब उरला कुठे? हिशेब बरोबर आहे. मला मात्र बाजारातल्या धान्याच्या ढिगाची हदीस आठवत राहिली. पैगंबरांनी (स.) ढिगात हात घातला, आत ओले लागले. पावसाने भिजले, असे व्यापारी म्हणाला. मग ओले वर का ठेवले नाहीस, असे त्याला विचारले गेले. त्या व्यापाऱ्याला निदान ओल ठाऊक होती. मी तर हातच घातला नव्हता. वास ही काय कमी खबर होती? बॉनेट उघडले असते तर खर्च निघाला असता, गाडी उभी राहिली असती. म्हणून न उघडणे सोयीचे होते. याला मराठीतली गफलत म्हणावे की उर्दूतली?

दाभोळ खाडीत मासे मरतात तेव्हा आपण कारखान्यांना विचारतो, तुमच्या पाइपातून काय जाते ते तुम्हाला माहीत नव्हते? 'माहीत नव्हते' हे उत्तर मी स्वतः कधी मानलेले नाही. ग्रामसभेत उठून बोललो आहे. घरी परतलो ते याच गाडीतून.

गिऱ्हाइकाला मी सगळे सांगितले. तरुण मुलगा. त्याने जुन्या नळीचा तुकडा मागून घेतला, वाकवून पाहिला. "अशी किती दिवस चालवलीत, सर?"

"साडेतीन आठवडे."

किमतीबद्दल तो काही बोलला नाही. गाडी घेऊन गेला. घरी बायकोने विचारले, वास कशाचा होता ते कळले का? मी म्हणालो, आता येत नाही ना.