मम म्हणण्यापलीकडे

ज्येष्ठातली वटपौर्णिमा जवळ आली की दोन तऱ्हेचे मेसेज फिरू लागतात. एकात वडाचं झाड किती प्राणवायू देतं याचा हिशेब असतो आणि शेवटी पूर्वजांच्या विज्ञाननिष्ठेचा जयजयकार. दुसऱ्यात सात जन्म तोच नवरा मागणाऱ्या बायकांची टवाळी. चार दिवस हमरीतुमरी चालते, मग आषाढी येते आणि विषय मिटतो. मुलींच्या हाती आपली परंपरा कशी द्यायची, हा आज घराघरांतला अवघड प्रश्न आहे. त्यावरची आपली चर्चा या दोन मेसेजांपलीकडे जात नाही, याचा मला मनापासून त्रास होतो.

टवाळी करणाऱ्यांबद्दल फार लिहायला नको. ज्या घरांनी सगळं मोडीत काढलं, त्यांच्या लग्नांत आता सिनेमातून उचललेले संगीत आणि मेहंदीचे समारंभ आले आहेत. आणि उलट टोकाला, स्त्रीवाद हे पाश्चात्त्य खूळ आहे असं म्हणणाऱ्यांनी बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली प्रसिद्ध केलेली 'स्त्रीपुरुष तुलना' वाचावी.

मला भांडायचं आहे ते शास्त्रीय कारणं सांगणाऱ्यांशी. ते परंपरेचे कैवारी म्हणून उभे राहतात, आणि माझ्या मते परंपरेचं सर्वांत जास्त नुकसान तेच करतात. जोडव्यांमुळे म्हणे गर्भाशयाकडे जाणारी नस दाबली जाते. कुंकवामुळे कपाळावरचा बिंदू जागृत होतो. बांगड्यांच्या घर्षणानं रक्ताभिसरण सुधारतं. शिकलेल्या आया हे शिकलेल्या मुलींना सांगतात, कारण 'देवाचं आहे' म्हटलं तर मुलगी ऐकणार नाही अशी त्यांना भीती असते. पण मुलगी एकच प्रश्न विचारते आणि सगळा डोलारा खाली येतो: हे दागिने जर तब्येतीसाठी असतील, तर नवरा गेल्याच्या दिवशीच ते का उतरवतात? त्या दिवशी तर बाईला तब्येत सांभाळण्याची जास्तच गरज असते.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. मे २०२२ मध्ये त्या गावानं विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनानं इतर ग्रामपंचायतींना त्याचं अनुकरण करायला सांगणारं परिपत्रक काढलं. या ठरावाला रक्ताभिसरणाचा आधार लागला नाही. गावातल्या माणसांना आपल्याच लेकीसुनांचे हाल दिसत होते, तेवढं पुरलं.

पाळीत बाहेर बसणं म्हणजे विश्रांती, हे त्या शास्त्रीय कारणांतलंच आणखी एक. शेतावर जाणाऱ्या बाईला विचारा. घरातल्या हंड्याला तिचा हात चालत नाही, पण खुरपणीला चालतो. आणि वडाचं म्हणाल, तर शहरात व्रत होतं ते तोडून आणलेल्या फांदीवर. बाजारात ती विकायला येते, सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुंडीत खोचतात, बायका तिलाच सूत गुंडाळतात आणि दुसऱ्या दिवशी ती सुतासकट ओल्या कचऱ्याच्या डब्यात जाते. हे व्रत वृक्षरक्षणासाठी आहे असं मुलींना कुठल्या तोंडानं सांगायचं?

कारणं खोटी आहेत, एवढीच माझी तक्रार असती तर ती किरकोळ ठरली असती. पण ती खरी निघाली तरी माझा आक्षेप कायम राहील. प्रयोगशाळेच्या दाखल्यावर उभी राहिलेली श्रद्धा प्रयोगशाळेच्या नकारानं पडते, आणि पडायलाच हवी. शिवाय या गडबडीत जे खरोखर देण्यासारखं आहे ते बाजूला राहतं. सावित्रीचंच पाहा. महाभारताच्या वनपर्वात ही मुलगी रथात बसून स्वतः वर शोधायला निघते. सत्यवानाला एकच वर्ष आयुष्य आहे असं नारद सांगतात, तरी निवड बदलत नाही. नवरा लाकडं फोडताना कोसळतो तेव्हा ती यमाच्या मागोमाग चालत जाते आणि धर्म या विषयावर त्याच्याशी बोलत राहते. एकेक वर मिळवते: सासऱ्यांची दृष्टी, त्यांचं राज्य, वडिलांना पुत्र, स्वतःला पुत्र, आणि या शेवटच्या वरानं यम अडकतो. ही कथा कुठल्याही मुलीला हलवून सोडेल. आपण तिला मात्र सात फेरे आणि प्राणवायू देतो.

इथून मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. सत्यनारायणाच्या पूजेत यजमान संकल्प सोडतो आणि शेजारी बसलेली बायको त्याच्या हाताला हात लावून मम म्हणते. प्रसादाचा शिरा तिनंच केलेला असतो, चौरंग आणि केळीचे खुंट तिनंच मांडून घेतलेले असतात, उपासही बहुधा तिचाच. आपली परंपरा मुलींकडे अशीच पोचली आहे: काम सगळं, अधिकार मम म्हणण्यापुरता. जुनं आणि नवं, धर्म आणि स्त्रीवाद या जोड्या मला फारशा उपयोगाच्या वाटत नाहीत. मी फरक करतो तो इतकाच: कुठल्या परंपरेत बाईला भर घालण्याचा आणि वगळण्याचा अधिकार आहे, आणि कुठल्या परंपरेत फक्त राबण्याचा.

असा अधिकार देणाऱ्या परंपरा आपल्याकडे नव्हत्या असं नाही. जात्यावरच्या ओव्या घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेड्यांतल्या बायकांबरोबर काम करून अशा सुमारे एक लाख ओव्या गोळा केल्या. त्यांत विठ्ठल आहे, भाऊ आहे, माहेर आहे, आणि बाबासाहेब आंबेडकरही आहेत. बाबासाहेब त्यांत कुणा धर्मसभेच्या परवानगीनं आले नाहीत. पहाटे दळणाऱ्या बाईला वाटलं, तिनं त्यांना ओवीत घेतलं. त्याच बायकांनी रामाची भक्ती न सोडता सीतेची बाजू घेतली. ताराबाई भवाळकरांनी लोकपरंपरेतल्या या सीतेवर 'सीतायन' लिहिलं आहे. मुक्ताबाईनं थोरल्या भावाला ताटी उघडायला सांगितली. संत बहिणाबाईनं नवऱ्याचा विरोध सोसून तुकोबांना गुरू मानलं. या बायका मम म्हणून थांबल्या नाहीत, म्हणून तर त्यांचं बोलणं अजून टिकून आहे.

आता चैत्रगौरीचं हळदीकुंकू आठवा. गौर तृतीयेला माहेरी येते आणि अक्षय्यतृतीयेपर्यंत राहते. लेकीच्या माहेरपणाचा महिनाभराचा सण, यापेक्षा सुंदर कल्पना मला तरी ठाऊक नाही. मी पाहिलेल्या एका घरात आंब्याची डाळ वाटली, पन्हं केलं, आरास मांडली ती घरातल्या विधवा काकूंनी. बायका यायला लागल्या तशा काकू आतल्या खोलीत गेल्या. घरातल्या चौदा वर्षांच्या मुलीनं विचारलं, "काकू बाहेर का नाही येत?" उत्तर मिळालं, "अगं, तशी पद्धत असते." तिनं पुन्हा काही विचारलं नाही. ती आता संसारी आहे आणि तिच्या घरी गौर बसत नाही. तिला स्त्रीवादानं बिघडवलं असं तिच्या आईला वाटतं. मला वाटतं, त्या दुपारी काकूंना बाहेर बोलावण्याचा अधिकार तिला दिला असता, तर गौर आज तिच्याकडे असती.

असा अधिकार देऊन पाहणारेही झाले. पुण्यात शंकरराव थत्ते यांनी बायकांना पौरोहित्य शिकवलं, पुढे ज्ञानप्रबोधिनीनं ते काम मोठं केलं. त्या वेळीही धर्म बुडण्याची भीती घातली गेली. उलट आज अनेक घरांत पूजा टिकून आहे ती या बायका सांगतात तो अर्थ मुलांना कळतो म्हणून. हे मी अभिमानानं सांगतो. मला ही परंपरा हवी आहे. मुलीनं झिम्मा-फुगडीची गाणी ठेका धरून म्हणावीत, भोंडल्याची खिरापत ओळखावी, असं मला फार वाटतं. भाड्यानं आणलेल्या मंगळागौरीच्या गटाकडे खुर्चीत बसून पाहणं म्हणजे परंपरा पुढे जाणं नव्हे.

तरीही धास्ती उरते: अधिकार दिला तर मुली सगळंच सोडून देतील. काही जणी सोडतील. पण आमच्या पांढरपेशा घरांतल्या पुरुषांनी दोन पिढ्यांत शेंडी सोडली, संध्या सोडली, सोवळं सोडलं, जानवं श्रावणीपुरतं ठेवलं. नोकरीची वेळ, शहरातली जागा, एवढं कारण पुरलं, आणि ते योग्यच होतं. संस्कृती बुडवल्याचा जाब त्यांना कुणी विचारला नाही, कारण कुळाचार घरातल्या बाया सांभाळत होत्या. आज त्यांच्या नाती म्हणतात की हळदीकुंकवाला कुणाला बोलवायचं ते आम्ही ठरवू, आणि संकल्पही आम्ही सोडू. त्यांनी तर अजून काही सोडलेलंही नाही, उलट त्या मागत आहेत.