झाकली मूठ

घरात दीर्घकाळ आजारी असलेल्या मनुष्याची सेवा करणाऱ्याने आपले दुःख घराबाहेर बोलावे काय? ताप-खोकल्याच्या दुखण्याविषयी हा प्रश्न कोणी विचारीत नाही. शेजारी येतात, पेज आणून देतात, आणि चार दिवसांत रोगी उठून कामास लागतो. परंतु ज्या घरात तरुण मुलास भास होतात, ज्या घरात वृद्ध पिता आपल्याच लेकीस ओळखीत नाही, ज्या घरचा धनी दारूच्या अधीन झाला आहे, त्या घराचे दार हळूहळू बंद होते. प्रथम पाहुणे यावयाचे थांबतात. मग घरची माणसे लग्नकार्यास जाणे टाळू लागतात. आणि शेवटी सेवा करणारी माता, भगिनी किंवा पत्नी त्या घरात रोग्याइतकीच कोंडली जाते.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपले वडील सांगत आले. ह्या म्हणीस केवळ अज्ञान म्हणून हसणे आम्हांस उचित वाटत नाही. भावाच्या वेडाची वार्ता पसरली तर बहिणीची सोयरीक मोडते, हे पाटसपासून दौंडपर्यंत प्रत्येक आईस ठाऊक आहे. शिवाय त्या मौनात एक प्रकारची निष्ठाही असते. रोगी स्वतःची बाजू मांडू शकत नाही. मग त्याची लाज आपण न राखावी तर कोणी राखावी? असे म्हणणाऱ्या मातेस उत्तर द्यावयाचे तर ते विचारपूर्वक दिले पाहिजे.

ह्या प्रश्नाचा उलगडा काही माणसांनी आपल्याच जिल्ह्यात कृतीने केला आहे. कॅनडातील कॅल्गरी येथे प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी आपल्या पत्नीच्या दीर्घ मानसिक आजारात जे सोसले, त्यातून 1997 साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था उभी राहिली. तेथे रोग्यांचे आप्त एकत्र बसून एकमेकांशी बोलू लागले. ‘देवराई’ हा 2004 सालचा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल, त्यांस आजारी भावापायी बहिणीच्या संसाराची कशी ओढाताण होते हे सांगावयास नको. पुण्यातच डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी 1986 साली सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनी पुरुषांच्या पत्नींचा ‘सहचरी’ नावाचा गट आहे. कंपवाताच्या रोग्यांसाठी पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तेथे रोग्यास ‘शुभार्थी’ व त्याची काळजी घेणाऱ्यास ‘शुभंकर’ म्हणतात. ज्या सेवेस आजवर नावच नव्हते, तिला इतके मंगल नाव मिळावे, हीही लहान गोष्ट नव्हे.

अशा सभांत घडते तरी काय? तेथे कोणी व्याख्यान देत नाही. एक स्त्री म्हणते, “मुलगा गोळी घेत नाही, म्हणतो तुम्ही विष घालता.” दुसरी म्हणते, “आमच्याकडेही तसेच होते. वाद घालू नका, वादाने संशय वाढतो. डॉक्टरांस लवकर कळवा.” तिसरीस तो दिवस प्रथमच असतो, ती काही न बोलता नुसती ऐकते, आणि आपल्या घरची गोष्ट परक्याच्या तोंडून ऐकून तिचे डोळे भरतात. ज्याचे जळते त्याला कळते, ही म्हण आपण बहुधा निराशेने उच्चारतो. परंतु तिच्यात एक आशाही आहे: ज्याचे जळले आहे, त्याला खरोखरच कळते. त्याच्यापुढे आरंभापासून सारे समजावून सांगण्याचे श्रम पडत नाहीत. पतीच्या दारूचे कारण आपण नव्हे, हे शंभर हितचिंतकांनी सांगूनही जिला पटत नाही, तिला तेच दुसऱ्या मद्यप्याच्या पत्नीने सांगितले म्हणजे पटते. आणि नवल असे की, सांगणारीचेही बळ वाढते. कारण आपण सोसले ते कोणाच्या तरी उपयोगी पडले, असे तिला दिसते.

आषाढीच्या वारीत तुकाराम महाराजांची पालखी पाटसवरून पुढे रोटी घाटाने जाते. चढ आला म्हणजे रथास जादा बैलजोड्या जुंपतात. त्यामुळे रथाचे वजन कमी होत नाही व घाटही सपाट होत नाही; तरी रथ वर चढतो. सोबतीचा उपयोग एवढाच, आणि एवढा मोठा आहे. अमेरिकेत स्मृतिभ्रंशाच्या रोग्यांची सेवा करणाऱ्या 206 पतिपत्नींविषयीचा एक अभ्यास 1996 साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ज्यांस कुटुंबासह समुपदेशन व अशा गटाचा आधार मिळाला, त्यांच्या रोग्यांस घर सोडून शुश्रूषागृहात जाण्याची वेळ इतरांपेक्षा सुमारे 329 दिवस उशिरा आली. रोग तोच होता. घराचे बळ मात्र वाढले होते. तेव्हा शुश्रूषा करणाऱ्याला दिलेला आधार रोग्यासच पोहोचतो, हे उघड आहे. जी माता मौनाने खचते तिची निष्ठा थोर खरी. पण ती खचल्यावर त्या मुलास कोण सांभाळील?

आता राहिला रोग्याच्या अब्रूचा प्रश्न. येथे एक भेद लक्षात ठेवावा. रोग्याचे चाळे, त्याचे बरळणे, त्याच्या फजितीचे प्रसंग ह्यांवर त्याची मालकी आहे. आपला थकवा, आपला राग, आपली भीती ह्यांवर आपली आहे. पहिल्यातले उपायापुरतेच बोलावे. दुसरे मोकळेपणे बोलावे. चव्हाटा आणि सोबत्यांची बैठक ह्यांत हाच फरक आहे. चव्हाट्यावर ऐकणारा स्वतः काही पणास लावीत नाही. बैठकीत प्रत्येकजण आपले गुपित पुढे ठेवून बसलेला असतो, म्हणून प्रत्येकजण दुसऱ्याचे राखतो. जेथे ऐकलेली गोष्ट बाहेर जाते, तो गट मोडलाच म्हणून समजावे.

अशा बैठकीस मर्यादाही आहेत. ती वैद्याची जागा घेऊ शकत नाही. एकीच्या मुलास लागू पडलेले औषध दुसरीने आपल्या मुलास देऊ नये. तसेच उपदेशाची घाई नसावी. ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले, तोपर्यंत ते खरे मित्र होते. त्याच्या दुःखाचे कारण त्याच्यातच शोधू लागले, तेव्हा ते त्यास भार झाले.

आमच्या वाचकांपैकी कित्येकजण म्हणतील की, पुणे पाटसपासून साठ किलोमीटरांच्या आसपास आहे. ज्याला घटकाभर रोग्यास सोडून अंगणात येता येत नाही, त्याने तेथे कसे जावे? हा आक्षेप खरा आहे. परंतु गटास इमारत लागत नाही. पाटस, वरवंड, कुरकुंभ येथील तीन-चार घरे महिन्यातून एकदा एकत्र बसली तरी आरंभ झाला. आणि ज्यांच्या घरी असे दुखणे नाही, त्यांनी त्या दोन घटका रोग्याजवळ बसण्याचे काम पत्करावे. ते काम गर्दीत दिसणारे नव्हे. पण त्यावाचून ती बाई घराबाहेर पडूच शकणार नाही.

झाकलेली मूठ सव्वा लाखाची असेल. परंतु मुठीने कोणाचा हात धरता येत नाही, व तिच्यात कोणी काही ठेवूही शकत नाही. ती साऱ्या गावापुढे उघडावी असे आम्ही म्हणत नाही. जिची मूठ तशीच वळलेली आहे, अशा एकीपुढे तरी ती उघडावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.