उंची वाढवताना

अमेरिकेतल्या युटा राज्यात मोआब नावाचं लाल खडकांचं गाव आहे. १९६७ पासून ईस्टरच्या दिवसांत तिथं जीपवाल्यांचा मेळावा भरत आला आहे. खडक चढायचे तर गाडीचं पोट दगडाला घासता कामा नये, आणि मोठी चाकंही बसायला हवीत. म्हणून हौशी मंडळी उंच स्प्रिंगा घालून गाडी तीन-चार इंच उचलून घेतात. गाडी रुबाबदार दिसते. पण इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा एक फिरता दांडा पोटाखाली असतो. तो ड्राइव्हशाफ्ट. आपल्याकडचे मेकॅनिक त्याला प्रोपेलर शाफ्ट म्हणतात. गाडी उचलली की दांड्याचं इंजिनाच्या बाजूचं, ट्रान्सफर केसकडचं टोक वर जातं, आणि अ‍ॅक्सलकडचं टोक चाकांपाशीच राहतं. सरळसा असलेला दांडा आता उतरता होतो. १९९७ ते २००६ या काळातल्या जीप रँग्लर टीजेत तर हा मागचा दांडा फारच आखूड. उंची तेवढीच वाढवली, तरी आखूड दांड्याचा उतार जास्त तीव्र होतो.

हा सगळा उतार सोसतात दांड्याच्या टोकांचे दोन जॉइंट. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक यांनी सतराव्या शतकात अभ्यासलेला हा जॉइंट आजही त्याच तत्त्वावर फिरतो. त्याचा एक स्वभाव आहे. तो वाकून फिरू लागला, की प्रत्येक फेऱ्यात त्याच्या पुढच्या दांड्याचा वेग दोनदा वाढतो आणि दोनदा मंदावतो. मात्र दोन्ही टोकांचे कोन सारखे ठेवले आणि जॉइंट नीट जुळवून बसवले, की एकाचा चढउतार दुसरा भरून काढतो. कोन बिघडले की गाडी थरथरते, जॉइंटमधला क्रॉस झिजतो, आणि दुर्लक्ष केलं तर एखाद्या दिवशी तुटतो. जाणकार कारागीर म्हणून आधी कोन मोजतात. मग ट्रान्सफर केसचं मागचं लांब टोक बदलून आखूड बसवतात. त्यानं दांड्याला थोडी जास्त लांबी मिळते. वरच्या टोकाला एकाऐवजी दोन जॉइंट शेजारी शेजारी घालतात, म्हणजे वाकण्याचा भार दोघांत वाटला जातो. अ‍ॅक्सलचं तोंड थोडं वर, दांड्याच्या दिशेनं वळवतात. काही जण ट्रान्सफर केसच एखादा इंच खाली घेतात. मिळवलेल्या उंचीतला एक इंच ते दांड्यासाठी परत देतात.

आपल्या घरातही कुणी ना कुणी उंची वाढवत असतं. कुणाला बढती मिळते. कुणाची लेक दहावीला जाते. कुणी पन्नाशीत गाण्याचा क्लास लावतं. या आनंदाच्याच गोष्टी आहेत, आणि त्या व्हायलाच हव्यात. पण ती उंची कुणाच्या तरी आधारानं चालते. पूर्वी सातला होणारा डबा आता साडेपाचला होतो. नातवाला शाळेतून आणायचं काम आजीकडे जातं. ऑफिसात आपल्या जुन्या फायली शेजारच्या टेबलावर सरकतात. बढतीचे पेढे सगळ्यांना दिसतात. कुणाचा दिवस किती वाकला, ते चटकन दिसत नाही. ती माणसं बोलूनही दाखवत नाहीत, कारण त्यांनाही आपला आनंदच झालेला असतो. मग कधी उत्तर तुटक येतं, कधी जेवताना गप्पा आटतात. अशा वेळी त्या माणसाचा स्वभाव बदलला असं मानायची घाई करू नये. आधी पाहावं, की आपल्यामुळे त्याच्यावर किती ताण आला आहे. उपाय बहुधा हाताशीच असतो. एकावर पडलेलं काम दोघांत वाटून घ्यावं. ज्याच्यावर भार आला, त्याच्याकडे वळून त्याची सोय विचारावी. आणि आपल्या नव्या मोकळिकीतला, नव्या मानातला थोडा भाग आपणहून खाली आणावा. बढती मिळाली तरी रविवारची भाजी आपणच आणावी. क्लास असला तरी आठवड्यातून एक संध्याकाळ घरासाठी ठेवावी.

आज कामाला निघण्यापूर्वी एवढंच करून पाहू या. गेल्या काही महिन्यांत आपल्या आयुष्यात जी एक गोष्ट वर गेली, ती आठवू या. ती कुणामुळे चालते आहे, त्या माणसाचं नाव मनात घेऊ या. मग त्यालाच साधेपणानं विचारू या, ‘‘माझ्या नव्या वेळापत्रकानं तुझी ओढाताण होते का? काय बदलू?’’ उत्तर ऐकताना आपली बाजू मांडायची गरज नाही. जे सांगितलं जाईल, त्यातली एक गोष्ट आजच करावी. मोठी नसली तरी चालेल. अर्धा तास लवकर उठणं, परतताना दूध घेऊन येणं, एखादा फोन आपण करणं, एवढंही पुरतं. वर जाण्याची इच्छा चांगलीच आहे. ती मनात ठेवून जो आपल्याशी जोडलेल्यांचा भार रोज थोडा हलका करतो, त्याला अवघड चढ चढताना साथ कमी पडत नाही. आणि चढून गेल्यावरचा आनंदही त्याच्या एकट्याचा राहत नाही, घरातल्या सगळ्यांचा होतो.