माळ कोणाच्या हिशेबात?

असद रहमानी १९८० च्या सुमारास बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत आले, तेव्हा त्यांच्यापुढचं काम एका पक्ष्याचं होतं. माळढोक संपत चालला होता. तो कुठे कुठे उरलाय, काय खातो, अंडी कुठे घालतो, याची धड माहिती नव्हती. पुढे १९९७ पासून २०१५ पर्यंत ते याच संस्थेचे संचालक होते, आणि माळढोक त्यांच्या डोक्यातून कधीच गेला नाही. या पस्तीस वर्षांत त्यांचा प्रश्न मात्र सरकत गेला. आधी पक्षी, मग पक्ष्याखालची जमीन, मग त्या जमिनीवर गुरं चारणारा आणि ज्वारी पेरणारा माणूस. हा प्रवास महाराष्ट्राने लक्षपूर्वक वाचायला हवा, कारण त्यातला एक महत्त्वाचा धडा सोलापूरच्या माळावर घडला.

आधी पक्षी पाहू. नर मीटरभर उंच, वजन पंधरा किलोपर्यंत. पावसाळ्याच्या तोंडाशी तो उघड्या उंचवट्यावर उभा राहतो, गळ्याखालची पांढरी पिशवी हवेने फुगवतो, ती जवळजवळ गुडघ्यापर्यंत लोंबते, शेपूट पाठीवर उलटी येते आणि छातीतून खोल घुमणारा आवाज निघतो. एवढा देखावा दुरून दिसायचा तर भोवती गवत आखूड हवं. मादी मात्र गुडघाभर गवताच्या आडोशाला, उघड्या जमिनीवर, एका हंगामात बहुधा एकच अंडं घालते. पिल्लाला नाकतोडे आणि किडे लागतात. मोठे पक्षी बोरं खातात, शेतातला हरभरा आणि भुईमूगही टिपतात. म्हणजे या एका पक्ष्याला चरलेलं गवत हवं, राखलेलं गवत हवं आणि जवळपास कोरडवाहू शेतीही हवी. असा मिश्र माळ दख्खनभर होता, तो गुराख्यांनी, मेंढपाळांनी आणि शेतकऱ्यांनी मिळून तसा ठेवला होता.

आपली संरक्षणाची कल्पना मात्र जंगलात जन्मलेली. वाघासाठी जे केलं तेच इथे करायचं ठरलं: हद्द आखायची, अभयारण्य जाहीर करायचं. सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये झालं, आणि ते कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटरचं होतं. सोलापूर आणि अहमदनगर या दोन जिल्ह्यांतली गावंच्या गावं, रस्ते, बाजारपेठा त्यात आल्या. बहुतेक जमीन खासगी. पक्षी कधी पाहिलाही नाही अशा माणसाच्या जमिनीच्या व्यवहारात अभयारण्य आडवं येऊ लागलं. मध्य प्रदेशात शिवपुरी जिल्ह्यातल्या करेऱ्याला १९८१ मध्ये हेच घडलं. तिथे रहमानींनी सुरुवातीचा अभ्यास केला होता. आधी माळढोक वाढले, लोकांची साथही होती. मग काळविटं वाढून पिकांत शिरू लागली, जमिनी विकता येईनात, आणि राग पक्ष्यावर निघाला. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत करेऱ्यात माळढोक उरला नाही. अभयारण्य मात्र पुढे अनेक वर्षं कागदावर राहिलं. नान्नजचं क्षेत्र अखेर २०१२ मध्ये १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं, पण तोवर मनं कडवट झाली होती.

करेऱ्याच्याच काळात राजस्थानात भरतपूरला रहमानींच्याच संस्थेचा दीर्घ अभ्यास चालू होता. तिथल्या केवलादेवच्या पाणथळीत १९८२ मध्ये म्हशी चारायला बंदी झाली. विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर गोळीबार झाला, माणसं मेली. चराई थांबावी असं तज्ज्ञांचंही मत होतं. पण म्हशी गेल्यावर गवत माजलं, पाणी झाकलं गेलं आणि पाणपक्ष्यांना जागा उरेना. संस्थेच्याच अभ्यासाने हे नोंदवलं. ही नोंद मला फार मोठी वाटते. चराई म्हणजे नासधूस हे गृहीतक तोवर फारसं तपासलं गेलं नव्हतं. खरा प्रश्न किती चारायचं, कधी चारायचं आणि हे कोणी ठरवायचं, असा होता.

माळावर तर दुसरंही संकट होतं. माळाला कोणी निसर्ग मानतच नव्हतं. इंग्रजांच्या महसुली हिशेबात जिथून सारा येत नाही आणि लाकूडही येत नाही ती जमीन पडीक. तीच नोंद स्वातंत्र्यानंतर चालू राहिली. मग अशा जमिनीचं भलं करायचं म्हणजे तिथे झाडं लावायची. सोलापूरच्या माळांवर गिरिपुष्प लावलं गेलं, इतरत्र सुबाभूळ आणि निलगिरी. हेतू चांगला होता, म्हणूनच ते थांबवणं अवघड गेलं. दुसरीकडे कालव्याचं पाणी आलं, ज्वारी-करडईच्या जागी ऊस आणि द्राक्षं आली. सोनाका द्राक्षांचं वाण याच नान्नजचं. शेतकऱ्याला यासाठी दोष देणं अन्यायाचं आहे. सोलापूरच्या दुष्काळात पाणी आल्यावर कोणीही तेच करील. पण माळाच्या बाजूने बोलणारा एकही हिशेब सरकारदरबारी नव्हता, हेही तितकंच खरं.

तो हिशेब मांडण्याचा मोठा प्रयत्न २००६ मध्ये झाला. नियोजन आयोगाने गवताळ प्रदेश आणि वाळवंटांसाठी नेमलेल्या कृतिदलाचे अध्यक्ष रहमानी होते. वनखातं जंगल सांभाळतं, पशुसंवर्धन खातं गुरं सांभाळतं. गवताला कोणीच वाली नाही, असं त्या अहवालाचं सार होतं. एका पक्ष्याचं संशोधन करणारा माणूस इथे धोरणापर्यंत आला. त्याला धनगर, राईके, गुज्जर या पशुपालकांबद्दल बोलल्याशिवाय माळढोकाबद्दल बोलणंच शक्य राहिलं नाही.

यानंतरच्या पिढीने माळाचा हा विचार इतिहासात आणखी मागे नेला. माळ म्हणजे तोडलेल्या जंगलाचा उरलेला भाग, हा समज अजून पक्का आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी जुने मराठी ग्रंथ, ओव्या, दैवतकथा चाळून त्यांतली झाडं-झुडपं वेचली, आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात असं दिसतं की काही शतकांपूर्वीच्या पश्चिम महाराष्ट्राचं वर्णन मोठ्या प्रमाणावर उघड्या, काटेरी, गवताळ मुलखाचं आहे. हा माळ कुऱ्हाडीने केलेला नाही. त्यावरची बहुवर्षायू गवतं बुडख्यातून पुन्हा फुटणारी, चराईशी आणि वणव्याशी जमवून घेतलेली आहेत. लांडगा, खोकड, धाविक इथलेच.

माळ तिथल्या माणसांसह राखायची कल्पना काही ठिकाणी जमिनीवर उतरली. अकोला-वाशिम भागात तणमोर या माळावरच्याच पक्ष्यासाठी कुरणं राखायचं काम फासेपारधी समाजातल्या लोकांनी हाती घेतलं. ज्यांना या माळाची आणि पाखराची सर्वांत बारकाईने ओळख, त्यांनाच राखणदार मानणं करेऱ्यात कोणाला सुचलं नव्हतं.

माळढोकासाठी मात्र फार उशीर झाला आहे. देशात आता दीडशेहूनही कमी उरलेत, बहुतेक जैसलमेरच्या वाळवंटात; नान्नजला एखादी मादी दिसली तर ती बातमी होते. डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने त्याला समोरची वीजतार वेळेत दिसत नाही आणि जड शरीर ऐनवेळी वळत नाही. तारा जमिनीखाली घ्या असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला, २०२४ मध्ये तो सौम्य केला. २०१९ पासून अंडी उचलून पिल्लं वाढवण्याचा प्रयत्न चालू आहे आणि प्रजनन केंद्रांतल्या पक्ष्यांची संख्या पन्नासच्या पुढे गेली आहे. हे काम कौतुकाचं आहे. पण ही पिल्लं उद्या सोडायची कुठे? जैसलमेरची माणसं आपल्या देवराया, म्हणजे तिथल्या भाषेत ओरण, सौर प्रकल्पांपासून वाचवण्यासाठी आज महसुली नोंदींशी झगडताहेत, कारण कागदावर त्या अजून पडीक आहेत. आणि सोलापूर जिल्ह्यात गवताच्या नावाने राखीव, चराईचे नियम गावाशी ठरवलेला, झाडं न लावण्याची हमी असलेला पट्टा आजही मागावा लागतो.