उसन्या वाणीतली साक्ष

परजिल्ह्यातील एका महाविद्यालयात मी पहिल्या वर्षाला असताना इंग्रजी निबंधाच्या तासाला 'वसंत ऋतू' हा विषय मिळाला; आणि ज्या नगर जिल्ह्यात चैत्र उजाडतो तोच विहिरींचे तळ उघडे टाकीत, जिथे हंडाभर पाण्यासाठी माझी आई कोसभर चालत असे, तिथून आलेलो असूनही मी बर्फ वितळल्याचे, ओढे खळाळू लागल्याचे आणि थंडीत परागंदा झालेले पक्षी परतल्याचे साग्रसंगीत वर्णन केले. समासात 'उत्तम' असा शेरा पडला. व्याकरण निर्दोषच होते. मात्र त्यातले एकही वाक्य खरे नव्हते, आणि ते लिहिताना मला यत्किंचितही लाज वाटली नव्हती. हीच गोष्ट माझ्या त्या तपस्वी आईला मी मराठीतून सांगू लागलो असतो, तर पहिल्याच वाक्याला जीभ अडखळली असती.

या अनुभवाकडे शिक्षणशास्त्रातील एक गौण बाब म्हणून पाहून त्याचा निकाल पाठ्यपुस्तके नेमणाऱ्यांवर सोपविणे सोयीचे आहे. परंतु माझ्या मते तो धर्मविचाराचाच प्रश्न आहे. योगसूत्रांवरील व्यासभाष्याने सत्याची व्याख्या करताना, वस्तू जशी असेल तशीच वाणी आणि तसेच मन असावे, अशी दुहेरी अट घातली आहे. माझ्या निबंधात वाणी पुस्तकातली होती, मन गुणांवर होते आणि वस्तू तर हजारो मैल दूर, कुठल्याशा थंड मुलखात होती. मातृभाषेत असत्य बोलणाऱ्याला निदान आपण असत्य बोलतो आहोत एवढे तरी कळते. परक्या भाषेत ती टोचणीच नाहीशी होते, हा मला तिच्या अभ्यासातील सर्वांत मोठा धोका वाटतो. अशुद्ध लेखन त्यापुढे काहीच नाही.

तेव्हा दोष परक्या भाषेचाच, असे म्हणून मोकळे व्हावे, तर नगरची भूमी तसे म्हणू देत नाही. निजामशाहीच्या या राजधानीत, फारसीतून मराठीत रुजलेले तारीख, दाखला, फिर्याद, जबानी हे शब्द उच्चारताना आज कोणाला आपण परक्याचे काही बोलतो आहोत असे वाटत नाही. ज्या १९४७ साली इंग्रजांचा अंमल संपला, त्याच साली डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी नगरात कॉलेज काढले, आणि राज्यकर्ते गेले तरी त्यांच्या भाषेचा अभ्यास या गावी नव्याने मांडला गेला. त्याआधी तीनच वर्षे, १९४४ साली, नगरच्या किल्ल्यात बंदिवान असलेल्या जवाहरलाल नेहरूंनी भारताचा शोध इंग्रजीत लिहिला. त्याच किल्ल्यात मौलाना आझादांनी, टपालात कधी पडू न शकणारी आपली पत्रे उर्दूत लिहिली, आणि पत्नीच्या निधनाची वार्ता तुरुंगातच ऐकावी लागली तेव्हा त्या दुःखालाही त्याच भाषेत वाट दिली. यांपैकी कोणाची भाषा अधिक आपली, हा वाद मला निरर्थक वाटतो, कारण दोघांनीही जे भोगले आणि जे पाहिले तेच लिहिले.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा दाखला याहून सूक्ष्म आहे. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे नगर हीच त्यांची कर्मभूमी झाली. प्रार्थनामंदिरांत तेव्हा इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरे विलायती चालींवर गायली जात. श्रद्धा खरी, पण शब्द दुसऱ्याच्या गळ्यातले. टिळकांनी त्या श्रद्धेला अभंगाची आणि भजनाची वाणी दिली. धर्म बदलला तरी साक्ष ज्या भाषेत मनाला फुटते त्याच भाषेत ती द्यावी, हे त्यांना उमगले होते. (मेहेरबाबांचे उदाहरण याच्या अगदी उलट टोकाचे: नगरजवळच्या अरणगावी १० जुलै १९२५ रोजी त्यांनी मौन धरले, आणि पुढे कित्येक वर्षे ते फळ्यावरील इंग्रजी अक्षरांवर बोट ठेवून बोलत राहिले. त्यांच्या अंतरीची भाषा कोणती होती, याचे उत्तर त्या अक्षरांत कोणाला मिळेलसे मला वाटत नाही.)

आणि या सर्वांच्या पलीकडे, प्रवरेच्या काठी, नेवासे आहे. तेथे शके १२१२ मध्ये, म्हणजे सन १२९० साली, गीतेचे सातशे श्लोक सुमारे नऊ हजार ओव्यांतून मराठीत उतरले. संस्कृतही त्या श्रोत्यांना परकीच होती. पण ज्ञानदेवांनी ती बाजूस न सारता, तिच्यातील प्रत्येक सिद्धांत श्रोत्यांच्या शेतात, बाजारात आणि मायलेकरांच्या व्यवहारात ताडून पाहिला. पुढे 'अनुभवामृता'तील 'शब्दखंडना'त त्यांनी आधी शब्दाचा गौरव केला, कारण शब्द विसरलेल्याचे स्मरण करून देतो. आणि मग, स्वयंप्रकाश आत्म्याला अशा स्मरणाची गरजच काय, असे विचारून त्याच शब्दाचा अधिकार काढून घेतला. आत्म्याची गोष्ट मोठ्यांची; मी निबंधापुरते बोलतो. शब्द जर स्मारक असेल, तर माझ्या त्या निबंधातील बर्फाने मला कशाचे स्मरण करून दिले होते? कशाचेच नाही.

वाचन आणि लेखन यांत येथे भेद केला पाहिजे. परक्या साहित्याचे वाचन हे शब्दप्रमाण आहे. न पाहिलेला बर्फ आप्तवाक्य म्हणून स्वीकारण्यात काही गैर नाही, उलट आपल्या अनुभवाचे कुंपण त्याने ओलांडले जाते, आणि म्हणून इंग्रजी साहित्य शिकू नये असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसणार नाही. लेखन मात्र जबानी आहे, आणि ऐकीव गोष्टीवर जबानी देणाऱ्याला आमच्या जिल्हा कचेरीतला साधा शिरस्तेदारही उभे करणार नाही.

म्हणून पाथर्डी-जामखेडकडून येऊन आज इंग्रजीच्या वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याला माझे एवढेच सांगणे आहे, की पुढच्या निबंधात त्याने आपल्या गावची विहीर लिहावी, तिच्या तळाशी उरलेला गाळ लिहावा. आणि मोटेला इंग्रजी शब्द सापडला नाही, तर मोट असेच लिहावे. परीक्षकाने गुण कापले, तर कापू द्यावेत.