पेलेल तेवढाच आकडा

मृग लागला की वऱ्हाडात बियाण्याच्या पिशव्यांवरची लेबलं नीट वाचली जातात. राज्याच्या बियाणे महामंडळाचं, म्हणजे महाबीजचं, मुख्यालय अकोल्यातच. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळा टॅग असतो; त्यावर वाण, लॉट क्रमांक, तपासणीची तारीख. सोयाबीनला उगवणशक्तीचा दंडक किमान ७० टक्के. शेतात त्याहून जास्तही उगवेल, पण शब्द द्यायचा तो ७०चाच, नक्की पाळता येईल असा.

लिनक्ससाठी सॉफ्टवेअरचं पॅकेज बांधणाऱ्याला आवृत्तीचा क्रमांक देताना हाच संयम लागतो. अमरावतीच्या एखाद्या वसतिगृहातली विद्यार्थिनी रात्री संगणक अपडेटला लावून झोपते. तो संगणक फक्त क्रमांक ताडून पाहतो. आपल्याकडच्यापेक्षा पुढचा असेल तर घेतो, नसेल तर सोडून देतो.

डेबियन या लिनक्स वितरणात १.९ नंतर १.१० येते, कारण टिंबाच्या अलीकडचा आणि पलीकडचा आकडा वेगवेगळा मोजतात. हा दशांश नव्हे. इथवर सोपं आहे. खरी कसोटी अर्धवट कामाची. मूळ लेखकाने २.० च्या आधी चाचणीसाठी ‘आरसी१’ (रिलीज कँडिडेट १) ही आवृत्ती दिली आणि पॅकेजवाल्याने घाईत ‘२.०आरसी१’ असं लिहिलं, तर हा क्रमांक २.० पेक्षा मोठा ठरतो. उद्या खरी २.० आली तरी संगणक तिला जुनी समजतो आणि घेतच नाही, आणि चाचणीतल्या चुका त्या विद्यार्थिनीच्या संगणकात तशाच राहतात. मध्ये एक नागमोडी चिन्ह घातलं, ‘२.०~आरसी१’, की तोच क्रमांक २.० च्या अलीकडे येतो.

काही सॉफ्टवेअरला लेखकाने क्रमांकच दिलेला नसतो. मग तारीख लावतात: २०२४०६१५. वर्षभराने लेखक १.० काढतो. दोन कोटींहून मोठ्या आकड्यापुढे एकाचा काय निभाव लागणार? मग ‘इपॉक’ नावाचा वरचढ आकडा पुढे जोडावा लागतो: १:१.०. तो एकदा लागला की कधीच काढता येत नाही. नंतर पॅकेज सांभाळायला येणाऱ्या प्रत्येकाला तो वागवावा लागतो. पहिल्याच दिवशी ‘०~२०२४०६१५’ लिहिलं असतं तर १.० ला वाट मोकळी राहिली असती.

क्रमांक ठरवताना म्हणूनच थोडं थांबावं. एकदा लोकांच्या संगणकांत पोचलेला आकडा परत घेता येत नाही. त्याहून लहान आकडा पुढे चालत नाही. काम चाचणीचं असेल तर चाचणीचंच म्हणावं, सुरुवातीचं असेल तर शून्यापासून मोजावं. त्याने कामाची किंमत उतरत नाही. उलट, पूर्ण काम येईल तेव्हा त्याला त्याची जागा मिळते, आणि आपल्या घाईचं ओझं आपल्या मागून येणाऱ्याच्या डोक्यावर पडत नाही.