साडेनऊची चव

सोलापूरची मुलगी कुंभकोणमच्या घरात सून म्हणून गेली. पहिल्याच रविवारी पहाटे सासरे म्हणाले, "आज कडप्पा आहे, बघायला ये." तिची नजर आपसूक ओट्याकडे गेली. आपल्याकडे कडप्पा म्हणजे ओट्याचा काळा दगड. कावेरीकाठच्या त्या गावात मात्र कडप्पा म्हणजे मुगाच्या डाळीचं आणि बटाट्याचं, नारळाच्या वाटणातलं, फिक्या पिवळ्या रंगाचं कालवण. सकाळी इडली-डोशाबरोबर ते खातात. सांबाराप्रमाणे त्यात तूरडाळ नसते, चिंच नसते, सांबारमसाला तर नसतोच.

लग्न ठरताना तिच्या वडिलांनी फार आढेवेढे घेतले नव्हते. कुंभकोणमहून तंजावर चाळीसेक किलोमीटर, आणि तंजावरचं नाव मराठी माणसाला परकं वाटत नाही. 1676 पासून 1855 पर्यंत तिथे भोसल्यांची गादी होती. बृहदीश्वराच्या देवळात 1803 सालचा भलामोठा मराठी शिलालेख आहे. लग्नानंतर दोन दिवस राहिलेले वडील तो एकेक ओळ लावत वाचत बसले आणि निर्धास्त मनाने सोलापूरच्या गाडीत चढले.

सासऱ्यांची मेस महामहम तलावाजवळच्या एका गल्लीत होती. सहा टेबलं, केळीची पानं, आणि दर रविवारी कडप्पा. सासऱ्यांना ती तिथल्या रीतीप्रमाणे 'मामा' म्हणे, सासूबाईंना 'अत्तै'. दीड वर्षात तमिळ जिभेवर बसलं, इडलीचं पीठ हाताला कळायला लागलं. एकच गोष्ट तिला खटकायची. मामांचा कडप्पा पातळ असायचा. सकाळी सहाला पहिल्या गिऱ्हाइकाला वाढला की पानावर धावायचा, आणि खाणाऱ्याला इडलीचा बांध घालून तो अडवावा लागायचा.

तिच्या माहेरी दाट वाढणं म्हणजे मान देणं. आमटीत पाणी कधी वाढवतात, तर अचानक चार माणसं जास्त आली म्हणजे. एकदा तिने हळूच विचारलंही, "मामा, थोडा दाट केला तर? लोकांना वाटेल आपण पाणी घालून भागवतो."

"पाहू," एवढंच म्हणून मामा पीठ ढवळत राहिले.

त्यांची आणखी एक सवय होती. रविवारी सगळ्यांचं होईपर्यंत ते तोंडात घास घालत नसत. शेवटचं गिऱ्हाईक उठलं की पातेल्याच्या तळाशी जे उरलं असेल ते घेऊन बसायचे. तिला वाटायचं, जुन्या वळणाचा माणूस, पाहुण्यांच्या आधी जेवायचं नाही असा नेम असेल.

पावसाळ्यात मामा मागच्या पायरीवर घसरले आणि उजवा हात मनगटात मोडला. पहिला रविवार आला. प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून मामा स्टुलावर बसले आणि कडप्पा करायला ती उभी राहिली.

पहाटे चारला दोन किलो मूगडाळ किंचित हळद घालून शिजायला टाकली. डाळ बोटाने दाबली की मोडावी, पण तिचा लगदा होऊ नये, असं मामांचं सांगणं. बटाटे वेगळे उकडून हातानेच कुस्करले, म्हणजे काही फोडी राहतात, काही विरघळतात. मग वाटण. ओला नारळ, हिरव्या मिरच्या, आलं, लसूण, सोंबू म्हणजे आपली बडीशेप, आणि खसखस. खसखशीला तिथे 'कसकसा' म्हणतात, हे ऐकून तिला पहिल्या दिवशी फार बरं वाटलं होतं. शेवटी पोट्टुक्कडलै, म्हणजे आपलं डाळवं. पंढरपूर तिच्याच जिल्ह्यातलं. पंढरपुरी डाळं कुंभकोणमच्या वाटणात पडताना पाहिलं की तिला माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटे. त्या दिवशी ती मूठ जरा सैलच सुटली.

तेलात दालचिनी, लवंग आणि तमालपत्र तडतडलं, उभा चिरलेला कांदा नुसता पारदर्शक होईपर्यंत परतला, वाटण पडलं, आणि कच्चा वास जाऊन नारळाचा गोडसर वास गल्लीपर्यंत गेला. डाळ आणि बटाटे घातल्यावर मामा म्हणाले, "आता तीन तांबे गरम पाणी."

तिने एक घातला. पळी उचलून पाहिली. कालवण पळीवर सायीसारखं बसलं होतं. मामांनी तिच्याकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं, आणि ते गप्प राहिले. गॅस बंद करून तिने वरून लिंबू पिळलं, कोथिंबीर पेरली.

मामांनी तेव्हाच अडवायला हवं होतं, असं ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला वाटलं होतं. शंभरेक माणसांच्या न्याहारीचा प्रश्न होता. आता तसं वाटत नाही. पाण्याचं माप सांगून झालं होतं. पुढचं जे होतं ते सांगून कळण्यासारखं नव्हतं.

सहाला रोजचे निवृत्त मास्तर आले. पहिला घास घेऊन थांबले. "आज कोणी केला?" त्यांनी विचारलं, आणि दोनदा मागून घेतला. सातपर्यंत जो आला तो खूश होऊन गेला. तिचं मन भरून आलं. अत्तैंनी कानशिलावर बोटं मोडून तिची दृष्ट काढली.

मूगडाळ आणि डाळवं चुलीवरून उतरल्यावरही पाणी पीत राहतात. बटाटा तर जसजसा निवतो तसतसा आळतो. आठला पळीतून धार पडेना, गोळा पडू लागला. पावणेनऊला वाढणारा मुलगा बादली घेऊन आत आला आणि म्हणाला, "अक्का, हा चमच्याने खायचा की कालथ्याने?" तिने घाईघाईने पातेलं पुन्हा गॅसवर चढवलं. दाट कालवण तळातून तापतं आणि वर गारच राहतं. बघता बघता खालून करपट वास आला. मग दोन तांबे उकळतं पाणी ओतलं. नारळ फुटून वर तेलाचे ठिपके आले. आधी पिळलेलं लिंबू पुन्हा उकळलं गेलं आणि कडवट झालं. मीठ पाण्यात हरवलं.

साडेनऊला पूक्कारम्मा आली. कुंभेश्वराच्या देवळासमोर फुलं विकणारी ही बाई. पहाटे तीनला बाजारातून मोगरा उचलायचा, गजरे ओवायचे, रविवारची देवळाची गर्दी ओसरली की टोपलीवर ओलं फडकं टाकून मेसच्या दारात ठेवायची आणि आत यायचं. दिवसातलं तिचं ते पहिलं खाणं. तिच्या बोटांच्या पेरांना दोऱ्याचे वळ पडले होते आणि नखांत हिरवा रंग बसला होता. तिने इडली मोडली, कडप्प्यात बुडवली, खाल्ली. मग काही न बोलता कडप्पा बोटाने पानाच्या कडेला सारला.

"थोडी पोडी असली तर दे, कण्णू," ती मायेने म्हणाली.

पोडीबरोबर, म्हणजे कोरड्या चटणीबरोबर, तिने इडल्या संपवल्या. पान आपल्या बाजूला मिटलं. तिकडे जेवून तृप्त झालेला माणूस पान असं मिटतो. मिटलेल्या पानातून करपट कडप्पा थोडा बाहेर आला होता, तो तिने बोटाने आत ढकलला. मग कमरेची पिशवी काढून पैसे मोजले. सहाला आलेल्या मास्तरांनी जेवढे दिले होते, तेवढेच.

मामा स्टुलावरून उठले, पान मांडून बसले. "वाढ," म्हणाले. तिने वाढलं. डाव्या हाताने, चमच्याने, त्यांनी ते सगळं संपवलं. तीही शेजारी बसली. दोन घास खाल्ल्यावर तिला पुढे खाववेना. दीड वर्ष हा माणूस दर रविवारी याच वेळेला, याच पातेल्याच्या तळातून का जेवतो, हे तिला त्या घासाबरोबर कळलं.

पुढच्या रविवारी कडप्पा उतरवल्यावर तिने एक वाटी भरून खिडकीत ठेवली. दर अर्ध्या तासाने चमचा बुडवून चव बघायची. सातला काय, आठला काय. मामा बघत होते, विचारत नव्हते. तीन तांबे पाणी, हे तर तिला आता पटलंच होतं. डाळवं तिने निम्म्यावर आणलं. मीठ पहाटे किंचित कमी ठेवलं, कारण पातेलं जसं आटतं तसं ते आपोआप वर येतं. आणि लिंबू सगळ्या पातेल्यात पिळायचं बंद केलं. वाढायची बादली जेव्हा जेव्हा भरायची, तेव्हा त्या बादलीपुरतं पिळायचं.

"हे कुणी सांगितलं?" बादलीतल्या लिंबाकडे बघत मामांनी विचारलं.

"पूक्कारम्माने," ती म्हणाली.

चवथ्या रविवारी मास्तर सहाला आले. इडलीचा बांध घालता घालता म्हणाले, "आज पातळ झालाय गं."

"हो, सर," ती म्हणाली आणि त्यांना आणखी एक पळी वाढली.

साडेनऊला दारात ओल्या फडक्याची टोपली टेकली. पातेल्यात थोडासाच कडप्पा उरला होता. तिने पळी भरून कलती केली. संथ, सलग धार पानावर उतरली आणि इडलीच्या कडेला येऊन थांबली. पूक्कारम्माने पहिली इडली खाल्ली, दुसरी खाल्ली, मग पान किंचित उचलून उरलेला कडप्पा स्वतःकडे ओढून घेतला.

तिने आतून आणखी दोन पानं आणली, पाणी शिंपडून पुसली, एक मामांसमोर मांडलं, एक स्वतःसमोर.